वेताळाची वंशावळ : एकवीस पिढ्यांचा हिशेब

१७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत ली फॉक या लेखकाने ‘फँटम’ ही दैनिक चित्रमालिका सुरू केली. मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढले आणि हाच फँटम मराठी वाचकांकडे ‘वेताळ’ या नावाने आला. इंद्रजालचे पहिले ३२ अंक केवळ वेताळाच्या कथांचे होते. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ अशी मंडळी त्यात आली. १९९० मध्ये माला बंद पडली तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते. बहादूरच्या कुळाची हकिकत दोन ओळींत संपते : बाप डाकू, तो पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुलाला पोलीस अधिकाऱ्यानेच वाढवले. वेताळाचे मात्र तसे नाही. त्याची हकिकत सांगायची म्हणजे चारशे वर्षे आणि एकवीस पुरुष मोजावे लागतात आणि मोजायला बसले की हिशेब अडू लागतो. हा हिशेब कोठे, का आणि किती अडतो, याची मांडणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

पनवेलच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. मुंबईहून पुण्याची आणि गोव्याची वाट जिथे फुटते त्या या गावात एस.टी.ची वाट पाहणाऱ्या मुलांच्या हाती एक-दोन दशके तरी इंद्रजालचे अंक असत. गावकुसाबाहेरचा राखणदार वेताळही कोकणाला ठाऊक असलेला. जंगलाच्या राखणदाराला ते नाव चटकन चिकटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वंशावळीचा नाद इकडे जुना आहे. कुलवृत्तांताच्या शेवटी घडी घालून चिकटवलेला तो मोठा कागद अनेक घरांत आजही निघतो. मूळपुरुषापासून खाली उतरणाऱ्या रेघा, प्रत्येक नावाला क्रमांक, निपुत्रिकापुढे खूण, दत्तकासाठी तुटक रेघ. असा कागद वाचायची ज्याला सवय आहे, त्याच्यापाशी वेताळाच्या वंशावळीची कोडी उकलण्याची साधने आधीपासूनच असतात, असे माझे मत आहे. परदेशी चाहत्यांनी जी कोष्टके वर्षानुवर्षे खपून केली, त्यांतल्या निम्म्या अडचणी आपल्या जुन्या कारकुनाने सकाळच्या बैठकीत निकाली काढल्या असत्या.

प्रथम मूळ कथा. ख्रिस्तोफर वॉकर हा इंग्रज दर्यावर्दी. लहानपणी तो कोलंबसाच्या जहाजावर पोऱ्या होता. त्याचा मुलगाही ख्रिस्तोफरच, घरगुती नाव किट, १५१६ मध्ये पोर्ट्समथ येथे जन्मला. १५३६ मध्ये बापलेकांच्या जहाजावर चाच्यांनी हल्ला केला, बाप मारला गेला आणि वीस वर्षांचा किट एकटा किनाऱ्याला लागला. बांदार जमातीच्या बुटक्या लोकांनी त्याला वाचवले. पुढे बापाच्या खुन्याची कवटी हाती आल्यावर तिच्यावर हात ठेवून त्याने चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांविरुद्ध आयुष्य वेचण्याची आणि आपल्या पुत्रपौत्रांनीही तेच करण्याची शपथ घेतली. तोच पहिला वेताळ. बाप मेला की मुलाने तोच पोशाख आणि तोच मुखवटा चढवायचा, म्हणून जंगलातले लोक समजतात की हा एकच पुरुष असून त्याला मरण नाही. कवटीच्या गुहेत पूर्वजांच्या समाध्या आहेत आणि प्रत्येकाने आपल्या कारकिर्दीची लिहिलेली दप्तरेही आहेत. ज्याच्या कथा आपण वाचतो तो २१वा.

या मूळ कथेतला एक भाग हिशेबाला चोख उतरतो. १४९२ मध्ये कोलंबसाच्या जहाजावरचा पोऱ्या बारा-तेरा वर्षांचा धरला, तर १५१६ मध्ये मुलगा झाला तेव्हा तो छत्तिशीत आणि १५३६ मध्ये मेला तेव्हा पंचावन्नच्या पुढे येतो. शेवटच्या सफरीवर निघालेल्या कप्तानाला हे वय शोभते. अडचण येते ती भूगोलाची. फॉकच्या आरंभीच्या कथांत हा प्रदेश पूर्वेकडचा, हिंदुस्थानच्या आसपासचा होता. १५३६ मध्ये या समुद्रात इंग्रज कप्तान काय करत होता? आपल्याच जिल्ह्यातल्या चौलला पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये बस्तान बसवले होते, गोवा १५१० पासून त्यांच्याकडे होते आणि त्यांच्या परवान्याशिवाय या दर्यात व्यापारी गलबत हाकणे धोक्याचे होते. हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या पहिल्या इंग्रजांत ज्यांची गणना होते ते फादर थॉमस स्टीफन्स, म्हणजे मराठी ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते, गोव्यास उतरले १५७९ मध्ये. वॉकर बापलेक त्यांच्या त्रेचाळीस वर्षे आधी येऊन पोचतात. नंतर फॉकने हा देश आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेऊन बसवला, तरी प्रश्न पुरता मिटत नाही. आशेच्या भूशिराला वळसा घालणारा मार्गही तेव्हा पोर्तुगिजांच्याच ताब्यात होता.

आता मुख्य कोडे, पिढ्यांच्या अंतराचे. दोन लागोपाठच्या पिढ्यांच्या जन्मसालांतील सरासरी अंतराला या लेखापुरते ‘पिढीमान’ म्हणू. पहिल्या वेताळाचा जन्म १५१६चा. २१वा वेताळ १९३६ मध्ये, मालिका सुरू झाली तेव्हा, पंचविशीचा तरणाबांड आहे. त्याचा जन्म १९१० च्या सुमारास धरू. मधली वर्षे ३९४, पायऱ्या वीस. भागाकार येतो १९.७. म्हणजे प्रत्येक वेताळाला सरासरी विशी गाठण्यापूर्वीच वारसदार मुलगा व्हायला हवा, आणि तोही दर पिढीला न चुकता.

हे अगदीच अशक्य आहे काय? आपल्या इतिहासात पाहू. शिवछत्रपतींचा जन्म १६३० चा, संभाजीराजांचा १६५७ चा, शाहूमहाराजांचा १६८२ चा. अंतरे २७ आणि २५. पेशव्यांत पहिल्या बाजीरावांचा जन्म १७०० चा, नानासाहेबांचा १७२० चा, थोरल्या माधवरावांचा १७४५ चा. अंतरे २० आणि २५. बाजीरावांचे वीस वर्षांचे अंतर पाहता एखाद्या पिढीत हे सहज घडते हे खरे. पण बालविवाहाची चाल असलेल्या घराण्यातही लगोलगची पिढी पुन्हा पंचविसावर गेली. वेताळाच्या घराण्यात तर बालविवाह नाही. वारसदार मुलगा शिकायला परदेशी जातो, परत येतो, बाप मेल्यावर शपथ घेतो आणि मग कधीतरी लग्न करतो, असा या कुळाचा रिवाज कथांतून दिसतो. हा रिवाज पाळून पिढीमान विशीच्या आत राखणे कठीण आहे.

त्यातच पूर्वजांच्या कथा हिशेब आणखी आवळतात. तिसऱ्या वेताळाने तरुणपणी शेक्सपिअरच्या नाटकात काम केल्याची कथा आहे. शेक्सपिअरचा लंडनच्या रंगभूमीवरचा काळ साधारण १५९० ते १६१३. तिसरा वेताळ १५९५ मध्ये वीस वर्षांचा धरला तर त्याचा जन्म १५७५ चा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत दोन पायऱ्यांत ५९ वर्षे खर्ची पडली, पायरीमागे जवळजवळ तीस. उरलेल्या अठरा पायऱ्यांना ३३५ वर्षे राहतात, म्हणजे पायरीमागे १८.६. वरच्या पायऱ्या ऐसपैस झाल्या की खालच्यांना अंग चोरून बसावे लागते. एका लोकप्रिय कथेने मागच्या अठरा पुरुषांची वये कमी केली, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसावा.

या कोड्याची एक सोडवणूक पेशव्यांच्या वंशावळीत तयार आहे, ती म्हणजे गादीचा क्रम आणि पिढीचा क्रम वेगळा धरण्याची. १७१३ ते १८१८ या १०५ वर्षांत बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब, माधवराव, नारायणराव, रघुनाथराव, सवाई माधवराव आणि दुसरे बाजीराव असे आठ पुरुष पेशवेपदावर आले. मध्ये काही काळ बसवलेले दुसरे चिमाजी आप्पा धरले तर नऊ. पण पिढ्या किती? पाच. नानासाहेब आणि रघुनाथराव भाऊ, माधवराव आणि नारायणराव भाऊ, दुसरे बाजीराव त्यांचे चुलतभाऊ. भावाकडून भावाकडे, पुतण्याकडून काकाकडे गादी फिरली की पुरुष वाढतात, पिढ्या वाढत नाहीत. वेताळांच्या एकवीस पुरुषांत पाच-सहा वेळा जरी भाऊ गादीवर आला असे मानले तरी पिढ्या पंधरा-सोळा उरतात आणि पिढीमान २६ ते २८ वर्षांवर येऊन सातारच्या घराण्याशी जुळते. दुर्दैवाने फॉकने ही वाट बंद करून ठेवली आहे. बापामागून मुलगा, हा या घराण्याचा पायाच असल्याचे तो वारंवार सांगतो.

खरे पाहता पिढीमानापेक्षाही मोठे नवल या अखंडतेचे आहे. सलग वीस वेळा मुलगाच झाला, तो जगला, हातीपायी धड राहिला आणि बापाच्या पश्चात गादीवर आला. सातारला शाहूमहाराजांनंतरच दत्तकाची वेळ आली, रामराजांनंतर पुन्हा आली आणि १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी राज्यच खालसा केले. वेताळाच्या कुळात दत्तकाची तुटक रेघ एकदाही दिसत नाही. रेक्स नावाचा मुलगा कवटीच्या गुहेत वाढतो खरा, पण तो शेजारच्या बॅरोनखान राज्याचा राजपुत्र निघतो. वंशावळीत त्याला आश्रित म्हणून समासात जागा मिळेल, रेघेवर नाही. वेताळाच्या डेंकाली देशाला दत्तक नामंजूर करणारा डलहौसी भेटला नाही, एवढेच म्हणता येते.

दुसरे कोडे नामसाम्याचे. सगळ्या वेताळांचे नाव किट वॉकर. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडेही रीत आहे आणि तिच्यामुळे होणारा घोटाळा आपल्या परिचयाचा आहे; पण मराठी नावात बापाचे नाव मधोमध बसत असल्याने तो तिथल्या तिथे सुटतो. बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव हे आजा-नातू नाव उच्चारताच वेगळे होतात. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके म्हटले की दोन पिढ्या एका दमात सांगून होतात. किट किट वॉकर म्हणून काहीच साधत नाही. म्हणून या घराण्यात माणूस ओळखायचा तो फक्त क्रमांकाने, आणि एखाद्या जुन्या अंकात क्रमांक चुकला किंवा छापायचा राहिला की ती कथा कोणाच्या नावे मांडायची, हेच कळेनासे होते.

आडनावही पहिल्यापासून पक्के नव्हते. काही आवृत्त्यांत मूळपुरुषाचे नाव ख्रिस्तोफर स्टँडिश असे येते. १९४३ मध्ये कोलंबिया कंपनीने फँटमवर भागशः दाखवायचा चित्रपट काढला, त्यात नायकाचे आडनाव प्रेस्कॉट आहे. एका कुळाला तीन आडनावे पाहून मराठी वाचकाने गोंधळण्याचे कारण नाही. गाव सोडले, हुद्दा मिळाला, शाखा फुटली की आडनाव बदलल्याची शेकडो उदाहरणे कुलवृत्तांतांत आहेत. फरक इतकाच की तिथे आडनाव माणसांनी बदलले, इथे लेखकाने.

क्रमांकाचा स्वतंत्र प्रश्न सतराव्या वेताळापाशी उभा राहतो. तो आजारी असताना त्याची बहीण जुली हिने पोशाख चढवून कारभार पाहिला. मग तिला मोजायचे की नाही? मोजले तर आजचा वेताळ २२वा होतो. परंपरा तिला मोजत नाही, आणि ते योग्य आहे असे मला वाटते. १७०० मध्ये राजाराममहाराज वारल्यावर ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज घेत सात वर्षे राज्य राखले. पण गादीवर नाव त्यांच्या मुलाचे, शिवाजीचे होते. कर्तृत्व कितीही मोठे असले तरी गादीचा क्रमांक आणि कारभाराची नोंद या दोन वेगळ्या रकान्यांत राहतात. जुलीची नोंद दुसऱ्या रकान्यात, ठळक अक्षरांत करावी.

तिसऱ्या प्रकारची कोडी कथाविश्वाच्या अंतर्गत नाहीत. ती छापखान्यातून जन्मली. फॉकची दैनिक मालिका आणि २८ मे १९३९ पासूनची रविवारची मालिका समांतर चालत. एका कथेत वेताळ समुद्रात असे, त्याच आठवड्यात दुसरीत वाळवंटात. इंद्रजालने या कथा घेताना त्यांचा मूळ क्रम पाळला नाही. पानांची संख्या ठरलेली असल्याने कथा कापल्याही जात, आणि कापताना पहिला बळी जायचा तो बहुधा पूर्वजांविषयीच्या एखाद्या चौकटीचा, कारण तिच्यावाचून साहसाचे काही अडत नसे. मराठी वाचकाला संसारी वेताळानंतर पुन्हा ब्रह्मचारी वेताळ भेटे तो यामुळे. बी. गोविंद यांची रंगीत मुखपृष्ठे मात्र अशी देखणी की आतल्या क्रमाची चौकशी करायची कोणाला इच्छाच होत नसे.

नावे बदलण्याचे कामही मुंबईतच झाले. मूळ मालिकेतल्या देशाचे ‘बेंगाली’ हे नाव इथल्या वाचकांना आपल्याच बंगालची आठवण करून देणारे, म्हणून तो देश ‘डेंकाली’ झाला. चाच्यांची ‘सिंग’ टोळी ‘सिंगा’ झाली. विसाव्या वेताळाचा, म्हणजे आपल्या नायकाच्या बापाचा, पाठीत सुरा खुपसून खून करणाऱ्याचे नाव मुळात ‘रामा’. ते ‘रामलू’ झाले. हे बदल शहाणपणाचे होते. परंतु मराठी आणि इंग्रजी अंक शेजारी ठेवून वंशावळ जुळवणाऱ्याला बापाचे दोन मारेकरी सापडतात. असा दुहेरी उल्लेख आला की आधी आवृत्ती पाहावी, मग निष्कर्ष काढावा.

आवृत्तीचा प्रश्न इंद्रजालपुरता मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियात ‘फ्रू’ ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून, तर स्वीडनमध्ये ‘फाँटोमेन’ हे नियतकालिक १९५० पासून वेताळाच्या कथा छापत आले आहे. स्वीडनच्या मंडळींनी पुढे स्वतःच नव्या कथा लिहवून घेतल्या आणि पूर्वजांना इतिहासातल्या ठरावीक सालांत नेऊन बसवले. फॉकने ज्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या त्या भरल्या गेल्या, आणि काही ठिकाणी फॉकच्या भरलेल्या जागांवरही दुसरा मजकूर आला. अशा वेळी इतिहासकार बखर आणि अस्सल कागद यांत जो विवेक करतो तोच करावा लागतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले. तो प्रचंड शिलालेख अपूर्व आहे. पण त्यातली मालोजीराजांच्या मागची लांबच लांब नामावळी इतिहासकार जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. दगडावर कोरले म्हणून खरे ठरत नाही, तसे रंगीत छापले म्हणूनही ठरत नाही. वेताळापुरते बोलायचे तर फॉकचा शब्द हा अस्सल कागद, आणि इतर सर्व बखरी. बखरी वाचाव्यात, आनंदाने वाचाव्यात, पण वंशावळीत त्यांची नोंद वेगळ्या शाईने करावी.

अस्सल कागदही स्वतःशी भांडतो, ते ‘सरकत्या वर्तमाना’मुळे. वर्षे पुढे जातात, जग बदलते, पण नायकाचे वय जिथल्या तिथे राहते, या चित्रकथांच्या संकेताला ते नाव द्यावेसे वाटते. २१वा वेताळ १९१० चा धरला तर १९७७ मध्ये डायना पामरशी त्याचे लग्न झाले तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा आणि १९७९ मध्ये किट व हेलोइस ही जुळी झाली तेव्हा एकोणसत्तरचा. चित्रांत तो पस्तिशीपलीकडचा दिसत नाही. म्हणून वाचक त्याचे जन्मसाल मनातल्या मनात पुढे ढकलत राहतो.

आणि इथे एक गमतीची गोष्ट घडते, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. शपथेचे १५३६ हे साल स्थिर आहे आणि २१व्याचा जन्म सरकतो आहे; म्हणजे मधला काळ दरवर्षी वाढतो, पायऱ्या मात्र वीसच राहतात. १९७७ मध्ये तो बत्तिशीचा मानला तर जन्म १९४५, मधली वर्षे ४२९, पिढीमान २१.५. २०२५ मध्ये तो पस्तिशीचा मानला तर जन्म १९९०, मधली वर्षे ४७४, पिढीमान २३.७. पेशव्यांची बाजीराव ते माधवराव सरासरी साडेबावीसची. ती वेताळाने केव्हाच ओलांडली. दर वीस वर्षांनी पिढीमान एका वर्षाने सुधारते. नायक म्हातारा होत नाही हा कथेतला दोष त्याच्या खापरपणजोबांची वये आपोआप दुरुस्त करतो आहे.

मात्र त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फॉकने जपानी आक्रमणाविरुद्ध लढणारा वेताळ रंगवला. १९९० मध्ये जन्मलेल्याला ते युद्ध लढता येणार नाही. मग ती लढाई बापाच्या किंवा आजाच्या खात्यावर टाकावी लागते, आणि डायना त्या काळातही होतीच, तिचे काय करायचे हा नवा गुंता होतो. ‘झाले ते तसे नव्हतेच’ असे मागाहून सांगणाऱ्या अशा फेरफाराला ‘पश्चात्-दुरुस्ती’ म्हणता येईल. ती वेताळाच्या घरात तुलनेने कमी झाली आहे.

तिचा खरा वापर पाहायचा तर फॉकच्याच दुसऱ्या नायकाकडे, जादूगार मॅन्ड्रेककडे जावे. ही मालिका वेताळाच्याही आधी, जून १९३४ मध्ये सुरू झाली. तिच्यातला ‘कोब्रा’ नावाचा खलपुरुष १९३७ मध्ये संपतो. १९६५ मध्ये तो चांदीचा मुखवटा घालून परत येतो आणि पुढे उलगडते की तो मॅन्ड्रेकचा सावत्र भाऊ आहे. हिमालयातल्या जादूविद्यालयाचा आचार्य थेरॉन हा मॅन्ड्रेकचा पिता ठरतो. जुळा भाऊ डेरेक निघतो, सावत्र बहीण लिनोर निघते. आरंभी जो एकटा होता त्याचे मालिका जुनी होत गेली तसे भरले गोकुळ झाले. वेताळाच्या लग्नाला मॅन्ड्रेक हजर असल्याने ही दोन्ही कुळे एकाच कथाविश्वात येतात आणि एकाच्या सालांचा गोंधळ दुसऱ्याच्या दाराशी जातो. मार्व्हल प्रकाशनाच्या कथाविश्वात तर याहून अवघड प्रकार आहे. तिथे सायक्लॉप्स या नायकाचा मुलगा केबल तान्हेपणी भविष्यकाळात पाठवला जातो आणि बापाहून वडीलधारा होऊन परततो. तिथे पिढीमान काढायचे तर वजाबाकीचे उत्तर ऋण येईल. वेताळाचे घराणे निदान काळाची दिशा पाळते.

राहता राहिला पुढचा वंश. १९७९ चा धाकटा किट हा रीतीने २२वा. १९८६ ची दूरचित्रवाणीवरची रंगीत चलच्चित्रमाला ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ २०१५ सालात घडते. तिच्यातला वेताळ २७वा असून त्याला जेड्डा नावाची मुलगी आहे. १९९४ ची ‘फँटम २०४०’ ही माला २०४० सालात घडते आणि तिचा तरुण नायक २४वा आहे. म्हणजे २०१५ मध्ये सत्ताविसावा आणि पंचवीस वर्षांनी चोविसावा. पहिली माला तर हिशेबात बसतच नाही. १९३६ ते २०१५ या ७९ वर्षांत सहा पिढ्या कोंबायच्या तर पिढीमान तेरा वर्षांचे होते. दुसरी जेमतेम बसते. २२वा १९७९ चा, २३वा २००० च्या आसपासचा, २४वा २०२० चा धरला की २०४० मध्ये विशीतला नायक मिळतो आणि पुन्हा तेच जुने वीस वर्षांचे पिढीमान हाती येते. घराण्याचा हा जुना हिशेब तिच्या लेखकांनी समजून पाळला की योगायोगाने जुळला, हे ठरवण्याची गरज नाही. दोन्ही माला वंशावळीच्या कागदावर घ्यायच्याच असतील तर २१व्याच्या खाली आडवी रेघ ओढून तिच्याखाली दोन वेगवेगळ्या फांद्या दाखवाव्यात. त्यांना एकमेकींत गुंतवू नये.

ली फॉक १३ मार्च १९९९ रोजी निवर्तले. त्यानंतर टोनी डीपॉल यांनी वृत्तपत्रांतील मालिकेच्या लेखनाची सूत्रे घेतली आणि वारसदार किटच्या भवितव्याभोवती कथा रचल्या. पण सत्तांतर अद्याप घडलेले नाही. त्यामुळे इंद्रजालचे जुने अंक क्रमवार लावणाऱ्याने किटपुढे ‘युवराज’ एवढेच लिहावे. गादीवर अजून त्याचा बाप आहे.